कोंडी त्यांची, रस्ता कोणाचा?

दरवर्षी डिसेंबरचा पहिला आठवडा आला की एक मेसेज फिरू लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, कधी शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर. '६ तारखेला दादरकडे जाऊ नका, भयंकर ट्रॅफिक असणार आहे.' खाली दोनचार कपाळावर हात मारलेले चेहरे. पाठवणारा जातीयवादी असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याला आपण काही चुकीचं लिहिलंय हे कळतही नाही. त्याच्या दृष्टीने ती फक्त वाहतुकीची सूचना असते.

तरी एकदा शांतपणे विचार करा. चैत्यभूमीवर येणारा माणूस कसा येतो? विदर्भातून, मराठवाड्यातून रेल्वेच्या जनरल डब्यात बसून, एसटीने, लोकलने. दादर स्टेशनला उतरतो आणि तिथून पायी चालत शिवाजी पार्क गाठतो. डोक्यावर पिशवी, कडेवर लेकरू, हातात पुस्तकांची थैली. रांगेत उभा असताना तो अर्धा चौरस मीटर जागासुद्धा व्यापत नाही. त्याच रस्त्यावर एक माणूस बसलेली मोटार उभी असते, ती दहा चौरस मीटर व्यापते. मग कोंडी कोणी केली? लाखो माणसं चालत आली म्हणून कोंडी झाली, की हजार-दोन हजार गाड्यांना त्या दिवशीही तिथूनच जायचं होतं म्हणून? जानेवारीत मॅरेथॉनसाठी अर्धी दक्षिण मुंबई बंद ठेवतात. त्याला कोणी ट्रॅफिक म्हणत नाही. त्याला मुंबईचं स्पिरिट म्हणतात.

आज मला वाहतूक कोंडीवरच लिहायचंय. आपल्या चळवळीत हा विषय कोणी फारसा घेत नाही. अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, आरक्षण, खाजगीकरण यांवर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण उड्डाणपूल, कोस्टल रोड, विकास आराखडा हे आपल्याला इंजिनिअर लोकांचे विषय वाटतात. गाडीवाल्यांचं रडगाणं वाटतं. आपल्याकडे गाड्याच कुठे आहेत, मग कोंडीचं आपल्याला काय, असा एक सूर असतो. मला वाटतं इथेच आपली चूक होते.

रस्ता हा आपला फार जुना विषय आहे. १८९३ साली केरळात अय्यंकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून निघाले, कारण त्या रस्त्यावरून गाडीत बसून जायची त्यांच्या जातीला मुभा नव्हती. १९२४-२५चा वायकोमचा सत्याग्रह देवळाच्या आत जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. आणि बाबासाहेबांच्या आठवणी काढून बघा. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरला. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ मध्ये, परदेशातल्या पदव्या घेऊन आलेले, सरकारी समितीचे सदस्य असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले. टांगेवाला त्यांना घेऊन जायला राजी नव्हता. टांगा द्यायला तयार होता, हाकायला नाही. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि पाय मोडला.

वाहन कोणाला मिळणार, कोण बसणार, कोण चालणार, वाटेत कोणाचा जीव जाणार, हा प्रश्न आपल्यासाठी कधीच निव्वळ वाहतुकीचा नव्हता.

आता आजच्या मुंबईत या. जून २००९ मध्ये वांद्रे-वरळी सी-लिंक सुरू झाला. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे आला, दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला. जवळपास २२ किलोमीटर लांब, एका फेरीचा टोल अडीचशे रुपये, दुचाकी-रिक्षाला बंदी. त्यानंतर दोन महिन्यांनी कोस्टल रोडचा पहिला टप्पा उघडला, तिथेही दुचाकी-तीनचाकी नको. ही यादी एकत्र करून कोणी वाचत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या उद्‌घाटनाच्या बातमीत खाली कुठेतरी एक ओळ असते, पुढाऱ्याचा फोटो बघण्याच्या नादात ती निसटून जाते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या शहराने जे मोठे, वेगवान, सिग्नल नसलेले रस्ते बांधले, त्यातल्या या चार प्रमुख रस्त्यांवर चारचाकी नसलेल्या माणसाने स्वतःच्या वाहनाने जायचंच नाही.

'सुरक्षेसाठी आहे हो ते,' असं सांगतात. समुद्राचा वारा, गाड्यांचा वेग, दुचाकीला धोका. ठीक आहे, मी तो मुद्दा मान्य करतो. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये डिलिव्हरीवाला पोरगा पाठीवर चौकोनी बॅग घेऊन जाऊ नये, हे मलाही वाटतं. पण मग त्याच्यासाठी काय केलं? दुचाकी नको तर बस द्या ना. कोस्टल रोडवर बसला परवानगी आहे. एखाद्या दिवशी वरळीला उभे राहा आणि एका तासात किती मोटारी गेल्या आणि किती बस गेल्या ते स्वतः मोजा. मला आकडा सांगायची गरज पडणार नाही. सुरक्षेचं कारण तेव्हाच खरं मानता येतं, जेव्हा बंदी घातलेल्या माणसाला दुसरी वाट दिलेली असते. नाहीतर ती नुसती बंदी उरते.

आता थोडं गणित करू. मुंबईत रस्त्यांची एकूण लांबी ढोबळमानाने २ हजार किलोमीटर. नोंदलेली वाहनं ४५ लाखांच्या पुढे. म्हणजे सगळी वाहनं एकाच वेळी बाहेर काढली तर रस्त्याच्या प्रत्येक मीटरला दोनपेक्षा जास्त. एक मोटार चार मीटर लांब असते. हे गणित कुठलाही उड्डाणपूल सोडवू शकत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी युतीच्या सरकारने मुंबईत पन्नासेक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला, त्यासाठी रस्ते विकास महामंडळ उभं राहिलं. तेव्हाही हेच सांगितलं होतं की आता कोंडी संपणार. काही वर्षं रस्ते मोकळे झाले. रस्ता मोकळा झाला म्हणून ज्यांनी आधी गाडी काढली नसती त्यांनीही काढली, दुसरी घेतली, आणि कोंडी पुलाच्या वर चढली. आता पुलावरही कोंडी आणि पुलाखालीही कोंडी. जगभरच्या शहरांचा हाच अनुभव आहे. रस्ता रुंद केला की मोटारी वाढतात आणि तो परत भरतो. याला समजायला फार हुशारी लागत नाही, गटारातलं पाणी बघणाऱ्या माणसालाही कळतं.

मग उपाय माहीत असूनही होत का नाही? उपाय तर समोरच होता. मुंबईची बेस्ट. दीड दशकापूर्वी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांहून जास्त बस होत्या. लोकसंख्या वाढली, शहर मुलुंड-दहिसरच्या पलीकडे पसरलं आणि बस मात्र तीन हजारांच्या खाली आल्या. त्यातही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस थोड्या, बाकीच्या कंत्राटदाराच्या. चालक कंत्राटी, पगार तुटपुंजा, प्रशिक्षण जेमतेम. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या बसने माणसं चिरडली तेव्हा चार दिवस या कंत्राटी पद्धतीची चर्चा झाली आणि विरली. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं होतं, प्रवासी परत येऊ लागले होते. मे २०२५ मध्ये ते एकदम दहा रुपये झालं. बेस्ट तोट्यात आहे म्हणे.

हा 'तोटा' शब्द मला फार खटकतो. कोस्टल रोडच्या साडेदहा किलोमीटरला १३ हजार कोटींच्या वर खर्च झाला. महापालिकेच्या पैशातून. त्या रस्त्यावर टोल नाही. म्हणजे मोटारवाल्याकडून एक रुपया परत येत नाही. त्याला कोणी तोटा म्हटलं का? त्याला गुंतवणूक म्हणतात. एका इलेक्ट्रिक बसची किंमत दोन कोटी धरली तरी त्या पैशात साडेसहा हजार बस आल्या असत्या. मुंबईच्या इतिहासात एवढ्या बस कधी नव्हत्या. घरकाम करणारी बाई दहा रुपयांचं तिकीट काढते तेव्हा तिला अनुदान देतो म्हणून हिशेब दाखवायचा आणि मोटारीला समुद्र बुजवून रस्ता फुकट द्यायचा, हा जो हिशेब आहे ना, तो कुठल्या शाळेत शिकवतात ते आपल्याला माहीत आहे.

एमएमआरडीएने २००८ मध्ये मुंबई महानगरातल्या प्रवासाचा मोठा अभ्यास करून घेतला होता. त्यात निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत असल्याचं दिसलं. त्या खालोखाल लोकल, मग बस. मोटारीचा वाटा अगदी किरकोळ. म्हणजे सरकारच्याच कागदावर हे शहर चालणाऱ्यांचं आहे. आणि फुटपाथ? तो कुठे गटाराचं झाकण, कुठे पार्क केलेली गाडी, कुठे विजेचा डबा. फेरीवाला बसला की अतिक्रमणाची गाडी येते. त्याच जागी मोटार उभी असली की ती 'पार्किंगची समस्या' होते. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. फुटपाथ अडवून उभ्या राहणाऱ्या मोटारीसाठी तर कायद्याचीही गरज पडली नाही, तिला जागा आपोआप मिळते.

मेट्रो येतेय हे खरं आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. पण आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोचं सर्वात जास्त तिकीट ७० रुपये आहे. जाऊन-येऊन १४०. लोकलचा सेकंड क्लासचा पास काढणाऱ्या सफाई कामगाराने तिच्यातून रोज जावं अशी अपेक्षा कोणी करत असेल तर त्याने आधी त्याची पगाराची पावती बघावी.

गर्दीचं दुसरं मूळ रस्त्यावर नाहीच. ते जमिनीत आहे. परळ-लालबागचं गिरणगाव आठवा. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. आपल्या बापजाद्यांनी तिथे घाम गाळला, तोही कसा? विणखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला होता. तरीही गिरणीच्या आसपास राहणारा कामगार गिरणीत चालत जायचा. बीडीडी चाळीतून भोंग्याच्या आवाजावर निघायचं, दहा मिनिटांत खात्यात. वाहतूक कोंडी नावाची चीजच नव्हती, कारण घर आणि काम एकाच हद्दीत होतं.

१९८२चा संप झाला, गिरण्या मेल्या, आणि जमिनी जिवंत झाल्या. १९९१च्या नियमावलीत ढोबळपणे एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांना, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेली मालकाला अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या भागाची करायची, बांधकाम उभं असलेल्या जमिनीची नाही. शहराच्या वाट्याला तुकडा उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. तिथे टॉवर आले, मॉल आले, काचेच्या कचेऱ्या आल्या. कामगारांची मुलं दिवा, नालासोपारा, बदलापूरला गेली आणि त्याच जागी सिक्युरिटीचं, हाउसकीपिंगचं, बॅक-ऑफिसचं काम करायला दोन-दोन तास प्रवास करून परत येऊ लागली. लाखो माणसं रोज उतरू लागली, स्टेशन मात्र गिरण्यांच्याच काळातलं राहिलं. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले आणि मेले. त्याला अपघात म्हणायचं का? मी त्याला नियोजन म्हणतो. टॉवरच्या पार्किंगचे मजले नकाशात बिनचूक मोजलेले होते, माणसांच्या जिन्याची रुंदी कोणी मोजली नव्हती.

आता तिसरा भाग, आणि तो आपल्या सगळ्यात जवळचा आहे.

रस्ता रुंद करायचा म्हणजे कोणाला तरी उठवावं लागतं. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्प आठवत असेल. जागतिक बँकेचं कर्ज, रेल्वेमार्ग आणि सांताक्रूझ-चेंबूरसारखे जोडरस्ते. त्यात लाखाच्या घरात माणसं हलवली गेली. बहुतेकांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, वाशीनाक्याला, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सव्वादोनशे चौरस फुटांची घरं मिळाली. लोकांनी तक्रारी केल्या, बँकेच्या तपासणी पॅनेलने येऊन बघितलं, पुनर्वसनातल्या त्रुटी इतक्या होत्या की २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने अडवून ठेवले. एवढी नामुष्की सहसा येत नाही. त्या वसाहतींमध्ये एकदा जाऊन या. सात-आठ मजल्यांच्या इमारती, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यावर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथल्या टीबीचा अभ्यास डॉक्टरांच्या एका संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केला, आणि ऊन-वारा न येणाऱ्या घरांचा आणि आजाराचा संबंध त्यात दिसला. रस्ता जेवढा रुंद झाला, तेवढी ती रुंदी आपल्या दोन खिडक्यांच्या मधून कापून घेतली, असं मला तिथे उभं राहिलं की वाटतं. तिकडे मोटार दहा मिनिटं लवकर पोचते, इकडे पोराला सहा महिने गोळ्या.

आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत. पूर्वी राहायच्या तिथून चार घरची कामं चालत करायच्या. सकाळी सहाला निघून अकराला घरी, पोरांच्या शाळेच्या आधी. एका रस्त्याच्या कामात घर गेलं, मोबदल्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं. घर पक्कं, नावावर, संडास आत. सगळं मान्य. पण आता दोन बस बदलून जावं लागतं, एकेका बसची अर्धा-पाऊण तास वाट. चारपैकी तीन घरची कामं सुटली. मावशी म्हणाल्या, 'घर मिळालं रे, पण पाय गेले.' पुनर्वसनाच्या कुठल्याही अर्जात या नुकसानीचा रकाना नाही.

आणि आता घाटकोपर. माता रमाबाई आंबेडकर नगर. हे नाव आपल्यासाठी काय आहे हे सांगायला नको. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक संतापून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर उतरले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. समर्थनात काय सांगितलं गेलं? हायवेवरच्या गॅसच्या टँकरना धोका होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते कारण मान्य केलं नाही. तरी त्या दिवशी सरकारच्या तोंडी पहिला खुलासा कोणता आला, हे विसरू नका. हायवे आणि टँकर.

आज त्याच हायवेवर, त्याच वस्तीला लागून, ईस्टर्न फ्रीवे छेडानगरपासून ठाण्यापर्यंत लांबवायचं काम निघालं आहे. उन्नत मार्ग. दुसऱ्या टोकाला ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा. सगळं झालं की ठाण्याची मोटार एकही सिग्नल न लागता समुद्रकिनाऱ्याला पोचेल. आणि रस्त्याच्या आड येणाऱ्या झोपड्यांच्या निमित्ताने एमएमआरडीए आणि झोपुप्रा मिळून रमाबाई नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास करणार आहेत. १६ हजारांहून जास्त घरं.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात राहून क्रांतीची गाणी म्हणा असं मी कोणाला सांगणार नाही. रमाबाई नगरातल्या लोकांना पक्की, मोठी, उजेडाची घरं मिळालीच पाहिजेत, आणि तिथल्या तिथे मिळाली पाहिजेत. माझा प्रश्न साधा आहे. इतकी वर्षं ज्या वस्तीकडे कोणी बघितलं नाही, तिची आठवण रस्ता आल्यावरच का झाली? रस्त्याचा खांब जिथे येणार तिथली घरं आधी, आतली नंतर, असा क्रम का? भाड्याचे चेक दोन वर्षांनंतरही येत राहतील याची हमी कोण देणार? इमारतींमधलं अंतर किती? आणि सर्वात महत्त्वाचं, वस्तीच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या उन्नत मार्गावर रमाबाई नगरातल्या माणसाला चढता येईल का? बस असेल का? उतरायला जिना असेल का? की आपल्याला फक्त त्याची सावली आणि धूर?

हे प्रश्न आत्ता विचारायचे आहेत. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

इथे मला आपल्याच पोरांशी थोडं भांडायचं आहे. मागे एका अभ्यासवर्गात हा विषय मांडला तर एक तरुण उठून म्हणाला, 'सर, आमच्या घरात तीन पिढ्यांत पहिली गाडी आता आली. आणि तुम्ही आता सांगता की गाडी वाईट?' टाळ्या पडल्या. मलाही त्याचं पटलं. ज्याच्या आजोबांना गावच्या रस्त्यातून चप्पल हातात घेऊन जावं लागलं, त्याने गाडी घेतली आणि मागच्या काचेवर जयभीम लावलं, तर त्याचा मला अभिमानच वाटतो. त्याची गाडी त्याच्याकडून कोणी मागत नाही. मागणी एवढीच आहे की शहराचा पैसा आणि शहराची जमीन आधी कोणाला द्यायची याचा क्रम बदला. आणि दुसरं, ती गाडी घेऊनही तो रोज दीड तास चेंबूर नाक्याला अडकतोच आहे. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या शंभर गाड्यांतले दीडशे लोक दोन-तीन बसमध्ये मावले असते. बस चांगली झाली तर गाडीवाल्याचीही सुटका होते. कोंडी सोडवायचा हाच एक मार्ग आहे ज्यात कोणाचं घर पडत नाही.

दुसरं भांडण कार्यकर्त्यांशी. एखाद्या चौकाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं असेल तर आपण हजारभर सह्या दोन दिवसांत गोळा करतो. चौकाला नाव हवंच. पण त्याच चौकात रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, शाळेची मुलं कशी जातात, बस थांबते का, यासाठी आपण शेवटचा अर्ज कधी दिला? महाराष्ट्रात १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते, सुनावणी असते. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारो हरकती गेल्या आणि सरकारला तो मसुदा मागे घेऊन पुन्हा करावा लागला. म्हणजे हरकतीचा कागद अगदीच निकामी नसतो. त्या हजारोंमध्ये आपल्या वस्त्यांमधून किती गेल्या? बिल्डरांचे वकील नकाशा भिंग लावून वाचतात. आपल्या वस्तीवर कुठलं आरक्षण पडलंय, कुठून रस्त्याची रेघ गेलीय, हे आपल्याला नोटीस दाराला चिकटल्यावर कळतं. त्यातच मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेत कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासकाच्या सहीने हजारो कोटींची कामं निघाली, विचारायला सभागृह नव्हतं. राखीव जागेवरून निवडून आलेला आपला माणूस तिथे बसून निदान ओरडला असता.

तेव्हा सुरुवात जिथे आपण राहतो तिथूनच करू. वॉर्ड ऑफिसमधून आपल्या भागाचा विकास आराखड्याचा नकाशा घ्या, तो वेबसाइटवरही मिळतो. आपल्या विहारात भिंतीवर लावा. त्यावर कोणत्या रेघा कोणाच्या घरावरून जातात ते इंजिनिअरिंगच्या पोरांना लाल पेनाने दाखवायला सांगा, आपल्याकडे आता अशी पोरं पुष्कळ आहेत. आपल्या स्टॉपवर सकाळी सहा ते नऊ किती बस येतात, किती वेळाने येतात, याची आठवडाभर वही ठेवा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आणि होणाऱ्या उन्नत मार्गावर बससाठी राखीव मार्गिका, मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींतून थेट बस, आणि रस्त्यासाठी घर गेलं तर त्याच वॉर्डात घर, एवढ्या तीन मागण्या त्या वहीसोबत लेखी द्या आणि पोच घ्या.

आमच्या गटाने वही सुरू केली आहे. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासहाला आम्ही स्टॉपवर गेलो तेव्हा तिथे आधीच एकोणतीस माणसं उभी होती. त्यात एकवीस बाया. बस सहा वाजून बावन्न मिनिटांनी आली. आत शिरायला जागा सातांनाच मिळाली.